सदर इसम मिळून येत नाही

माझ्या जर्मन सासूबाई शेवटपर्यंत आपल्या मैत्रिणींना सांगत राहिल्या की त्यांची भारतीय सून योगासनं शिकवते. मी आयुष्यात एक आसन धड केलेलं नाही, खुर्चीवर बसण्याचं सोडून. हॅनोव्हरमधल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं लोकांच्या पावत्या चिकटवल्या, विवरणपत्रं भरली आणि फिनान्सआम्टशी, म्हणजे इथल्या कर कार्यालयाशी, पत्रापत्री केली. पण हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. योगा म्हटलं की लगेच कॉफी पुढे येते. त्यामुळे मीही सासूबाईंना कधी टोकलं नाही.

आमचे साहेब हेर ब्रिंकमान; जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत. उंच, सडपातळ, आणि "बघू या" हे दोन शब्द उच्चारायलासुद्धा आधी चष्मा पुसणारे. त्यांच्याकडे मराठी गिऱ्हाईक यायला लागलं ते माझ्यामुळे, हे मी इथे लिहूनच ठेवते, कारण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. विद्यापीठात, कारखान्यांत बातमी पसरली होती की अमुक रस्त्यावर एक बाई बसते, ती सरकारी पत्र वाचून मराठीत सांगते. माझं निम्मं काम तेच होतं. जर्मन सरकारी पत्राचा सूर असा असतो की वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी वाटावं, आता जप्ती येणार. लोक पत्र उघडायचे, तोंडचं पाणी पळायचं आणि मला फोन लावायचे. मी वाचून म्हणायचे, "अरे काही नाही, कचऱ्याच्या डब्याचा रंग बदललाय."

२००८ च्या शरदात मात्र सगळ्यांना एकदमच पत्रं आली. तोपर्यंत इथे कराचा नंबर म्हणजे भाड्याच्या घरासारखा प्रकार होता. गाव बदललं की नंबर बदलायचा. आता सरकारने ठरवलं की प्रत्येकाला एकच, अकरा आकडी, जन्मभराचा नंबर द्यायचा. आपल्या पॅनसारखाच, पण एक फरक. पॅन आपण मागायला जातो. हा नंबर न मागता घरी येतो आणि ज्याचं नाव रहिवासी म्हणून नोंदलेलं आहे त्या प्रत्येकाला येतो. मग तो कमावता असो, घरी बसलेला असो, नव्वदीतला आजोबा असो की पाळण्यातलं पोर. त्या तीन-चार महिन्यांत मला जेवढे फोन आले तेवढे लग्नात आले नव्हते.

इंगोलश्टाटहून एका मोटार इंजिनिअरचा फोन आला. त्यांच्या सात महिन्यांच्या चिरंजिवांना नंबर आला होता आणि त्याची बेरीज आठ येत होती.

"आठ म्हणजे शनी हो, ताई. गाडीचा नंबर जास्तीचे पैसे भरून बदलून मिळतो, तसं काही इथे?"

मी हा प्रश्न जसाच्या तसा साहेबांपुढे ठेवला. ते दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कायद्यात बेरजेबद्दल काहीच तरतूद नाही." म्हणजे हो की नाही, ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी मीच डोकं चालवलं. अकरावा आकडा नुसता तपासणीचा असतो, आधीचे दहा बरोबर आहेत ना हे बघायला. मी इंजिनिअरसाहेबांना म्हटलं, "शेवटचा आकडा धरायचाच नसतो. पुन्हा बेरीज करा." त्यांनी केली. पाच आली. दिवाळीला त्यांच्याकडून चितळ्यांच्या तोडीची बाकरवडी आली, घरची.

जर्मन मंडळीही काही कमी नव्हती. फ्राऊ केसलर नावाच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाई आपला डाखस्हुंड जातीचा बुटका कुत्रा घेऊन ऑफिसात आल्या. इथे कुत्र्यावर कर असतो आणि तो त्या गेली नऊ वर्षं न चुकता भरत होत्या. "शेजारच्या घरातल्या दुपट्यातल्या पोरीला नंबर आला. तिने आजवर एक पै भरलेली नाही. आणि माझ्या फ्रिट्झला नाही? हा अन्याय आहे." फ्रिट्झ टेबलाखाली माझा बूट चावत होता. मला ते मनापासून पटलं होतं.

पण हा नंबर म्हटला की मला मालतीताईच आठवतात, आणि आठवल्या की हसू येतं, आणि हसून झालं की थोडी लाजही वाटते. कारण त्या सगळ्या भानगडीचं मूळ मी होते.

केतकी विद्यापीठात पीएच.डी. करायची आणि तिचा नवरा अमेय एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. दोघं माझ्याकडे कराच्या निमित्ताने आली आणि मग घरचीच झाली. केतकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणून तिची आई, मालतीताई, सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन महिन्यांसाठी आल्या. सोबत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि शेक देण्यासाठी एक शेगडी, जी विमानतळावर ठेवून घेतली गेली आणि जिचं दुःख त्या रोज करत.

इथे घर बदललं की आठवड्याच्या आत नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवावं लागतं. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. लोक विसरतात आणि मग निस्तरायला माझ्याकडे येतात, म्हणून मी प्रत्येकाला दमच देऊन ठेवलेला असायचा: "घरात जो कोणी राहायला येईल त्याचं आनमेल्डुंग आधी. सबब नको." अमेय आज्ञाधारक मुलगा. तो सासूबाईंना घेऊन गेला आणि त्यांचंही नाव रहिवासी म्हणून नोंदवून आला. पाहुण्यांना त्याची गरज नसते, हे सांगायचं मी विसरले होते. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यात ही पहिल्या पाचात येईल.

आणि मालतीताई कोण? तर जिल्ह्याच्या गावी सरकारी कर खात्यात तेहेतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या बाई. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे आवक-जावक एकाच रजिस्टरात की वेगळी?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही.

ऑक्टोबर उजाडला आणि केतकीचा रडत फोन आला. "सुनीतामावशी, आई चालली."

"कुठे चालली?"

"परत. घरी. शनिवारचं तिकीट करून घेतलं तिने, दंड भरून. म्हणते घराची काळजी वाटते, नळ गळत असेल. मावशी, मला अजून दोन आठवडे आहेत गं. मला भीती वाटते. आई नसेल तर मी काय करू?"

केतकी रडणाऱ्यातली नव्हती. मी गुरुवारी दुपारची रजा टाकली आणि त्यांच्या घरी गेले. मालतीताई डिंकाचे लाडू वळत होत्या. दोन डबे भरले होते आणि तिसरा भरत होता. जाण्याआधी सहा महिन्यांची बेगमी चालली होती.

"अहो मालतीताई," मी म्हटलं, "पोरीला असं टाकून कुठे निघालात?"

"टाकून कशाला? लाडू करून ठेवतेय ना. अमेयरावांना शेक कसा द्यायचा तेही लिहून दिलंय, मुद्देसूद."

"नळ खरंच गळतोय का?"

त्यांनी लाडू जरा जास्तच जोरात दाबला. तो फुटला. त्या काही बोलणार एवढ्यात दाराची बेल वाजली, आणि त्या पदराला हात पुसत माझ्याआधी दारात पोचल्या.

दारात निळ्या जाकिटातला एक गृहस्थ उभा होता. हातात फाईल, गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र. त्याने साडी पाहिली आणि शहाणपणाने इंग्रजीत सुरुवात केली. दारावर अमेय आणि केतकीची आडनावं लावलेली होती. ती वाचून त्याने विचारलं, "हे लोक इथे राहतात का?"

"नो," मालतीताई म्हणाल्या.

"मग इथे कोण राहतं?"

"नोबडी."

आत कुकरची शिट्टी झाली. त्याने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. वाळत घातलेले अमेयचे सात शर्ट दिसत होते.

"आणि तुम्ही?"

"आय आल्सो नॉट."

एवढ्यात काय गडबड म्हणून केतकी गाऊनवर, पोट सावरत, झोपेतून उठून आली. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात अर्धा लाडू घेऊन. गृहस्थाने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बोट केलं. मालतीताई जराही कचरल्या नाहीत.

"दे आल्सो नॉट," त्या म्हणाल्या.

त्याने ते सगळं लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मग फाईलमधून तीन लिफाफे काढून माझ्यापुढे धरले. हे टपालातून परत आले आहेत, म्हणून मी चौकशीला आलो, म्हणाला. अमेय, केतकी आणि मालतीताई, तिघांच्या कराच्या नंबरांची पत्रं. मालतीताईंचं उघडून पुन्हा चिकटपट्टीने बंद केलेलं. आणि तिन्हींवर, वळणदार मोत्यासारख्या अक्षरात, आधी इंग्रजीत "पार्टी नॉट फाउंड" आणि खाली मराठीत: "सदर इसम मजकूर पत्त्यावर मिळून येत नाही." त्याखाली तारीख. त्याखाली सही. मा. वि. देशमुख.

म्हणजे जी बाई मिळून येत नव्हती, तिनेच तसं सही करून कळवलं होतं.

मी आधी हसले, मग माझं डोकं फिरलं. गृहस्थाला कसंबसं थोपवलं. उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन कचेरीत या आणि कोण राहतं ते सांगा, नाहीतर तिघांचीही नावं "ठावठिकाणा अज्ञात" म्हणून कमी होतील, एवढं बजावून तो गेला. दार लागलं आणि मी वळले.

"मालतीताई, हे काय करून बसलात?"

"तुम्हाला नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसलात. मी या बाजूला. आमच्या खात्यात आधी माणसाला नंबर पडतो. मग फाईल उघडते. मग नोटीस जाते. तेहेतीस वर्षं मी हेच केलं. आणि कुठली फाईल कायमची बंद झाली माहितीये? ज्या माणसाचं पत्र असं परत यायचं त्याची. गावातल्या एका सिमेंटवाल्याने मला अकरा वर्षं असंच दमवलं. मग म्हटलं, आता आपली पाळी."

"अहो, पण तुम्हाला कर लागतच नाही! नंबर म्हणजे नुसती ओळख आहे."

"असंच म्हणतात सुरुवातीला. मीही म्हणायचे."

"आणि आमची पत्रं का गं परत पाठवलीस?" केतकीने विचारलं.

"एका घरातलं एकच पत्र परत गेलं तर संशय येतो," मालतीताई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला खुर्चीत बसावं लागलं.

मग त्या एकदम खाली बसल्या आणि खरं काय ते बोलल्या. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. पेन्शनवर घर चालत होतं. परदेशातल्या करयादीवर आपलं नाव चढलं हे तिकडे कळलं तर पेन्शन अडकेल, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून होती. म्हणून नोटीस यायच्या आत हा देश सोडायचा, हा हिशेब.

"तुला पेन्शन महत्त्वाची की मी?" केतकी म्हणाली. तिला नंतर वाईट वाटलं, पण म्हणाली खरी.

"पेन्शन आहे म्हणून मी जावयाच्या दारात ताठ मानेने येते," मालतीताई म्हणाल्या. "नाहीतर आले असते का?"

मला माझ्या त्या "सबब नको"ची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मी तडक ऑफिसात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. मिळून न येणाऱ्या बाईची सही ऐकल्यावर हेर ब्रिंकमान माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सत्तावीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी, आणि तेही पाठमोरं. मग चष्मा पुसून त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिलं की या नंबरामुळे बाईंवर कुठलीही करआकारणी होत नाही, आणि भारतातल्या पेन्शनशी याचा काही संबंध येत नाही. खाली करसल्लागाराचा गोल शिक्का.

सकाळी मी तो कागद मालतीताईंच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. शिक्क्यावर हलकेच बोट फिरवलं.

"शिक्का खरा आहे," त्या म्हणाल्या. "पण ओळखीतला आहे. ओळखीतला शिक्का चालत नाही."

तरी त्या आमच्याबरोबर कचेरीत आल्या, कारण केतकीला हाताला धरून जिना उतरवायचा होता. अमेयही कामावरून परस्पर तिथे आला. मालतीताईंची भरलेली बॅग घरी पलंगाशेजारी उभी होती. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं.

खिडकीमागे फ्राऊ पेटरसन नावाच्या, निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. त्यांच्या मागे भिंतभर कपाट आणि त्यात लटकणाऱ्या फायली, रंगवार, वर्णानुक्रमाने, एकही कान बाहेर आलेला नाही. मालतीताई थबकल्या.

"किती वर्षं ठेवतात हो हे?" त्यांनी मला विचारायला लावलं.

"कागदाचं वेगळं," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "पण या नव्या नंबराची माहिती माणूस गेल्यावरही वीस वर्षांपर्यंत राहू शकते."

मी घाबरत घाबरत ते मराठीत सांगितलं. म्हटलं, आता या इथूनच विमानतळावर धावतात. पण मालतीताईंच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी पसरलं. "मेल्यावरही वीस वर्षं!" त्या पुटपुटल्या. "आमच्याकडे जिवंत माणसाची फाईल दोन पावसाळे टिकत नाही. बाई हुशार आहे."

मग कामाला सुरुवात झाली. अमेय आणि केतकीचे पासपोर्ट तपासले गेले, दोघांची नावं पक्की झाली. मालतीताईंची पाळी आली. फ्राऊ पेटरसननी व्हिसा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं.

"या तर पाहुण्या आहेत. यांचं नाव चढवायची गरजच नव्हती." मी खाली मान घातली. "उद्या जाणार असतील तर मी आत्ताच नाव कमी करते. त्यांना सांगा, तसं केलं की या पत्त्यावर त्यांना काहीही येणार नाही. कुणी विचारायला येणार नाही. करू?"

झालं. बाईंना जे हवं होतं ते सरकारच स्वतःहून, हसतमुखाने, फुकट देत होतं. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. नाही सांगितला असता तर बरं, असं वाटलं, पण इतकी वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं खरी वाचून दाखवली, एकदाही फिरवून सांगितलं नाही. तेवढा एक अभिमान मला आहे.

केतकी भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. तिने आईकडे पाहिलं नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून जमिनीकडे बघत राहिली.

मालतीताईंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिडकीकडे वळून मला म्हणाल्या, "त्यांना विचारा, चौथं येतंय त्याची नोंद आत्ता होईल का?"

फ्राऊ पेटरसन म्हणाल्या, "नाही. आधी जन्म, मग नोंद."

"जन्मानंतर किती दिवसांनी?"

"कागद पुरे असतील तर आठवड्याभरात."

"नंबर?"

"तोही येईल. पोस्टाने, काही आठवड्यांनी."

मालतीताईंनी मान डोलावली. पदर खोचला. टेबलावर पडलेलं पेन सरळ करून ठेवलं.

"मग माझं नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "रजिस्टर अर्धवट टाकून मी नोकरीत एक दिवस घरी गेले नाही. ती नोंद माझ्या डोळ्यांनी बघेन, कागद हातात घेईन, मग माझं नाव कमी करा. अमेयराव, उद्याचं तिकीट रद्द करा."

"अहो आई, पण पेन्शनचं..." अमेय म्हणाला.

"आली नोटीस तर येऊ दे. मला नोटिशीला उत्तर देता येतं."

मी हे सगळं फ्राऊ पेटरसनना जर्मनमध्ये सांगितलं. त्या बाई उठून उभ्या राहिल्या, खिडकीच्या फटीतून हात बाहेर काढला आणि मालतीताईंचा हात दोनदा हलवला.

बाकावर केतकी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "आई," ती म्हणाली, "सरळ सांग ना, माझ्यासाठी थांबतेयस म्हणून."

"तेच सांगितलं," मालतीताई म्हणाल्या. "सरकारी भाषेत."